दुखत होता गाल, कोरली दाढ

सुरतच्या लिंबायतमध्ये घरोघरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावायचं काम चालतं. मीही तेच करते. लग्नसराईत माल सकाळी द्यायचा म्हणजे द्यायचाच. मग मान खाली आणि दात आवळलेले. गालातून कानाकडे जाणारं आणि तिथून मानेत उतरणारं दुखणं इथल्या बऱ्याच बायका अंगावर काढतात. त्यांच्यासाठी हे लिहिते, आणि माझा संताप अजून गेलेला नाही म्हणूनही.

जवळच्या एका दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "यात काही दिसत नाही," असं स्वतःच म्हणाले, आणि तरी रूट कॅनाल केलं. वर कॅप बसवली. पैसे गेले, दुखणं जागच्या जागी. पुन्हा गेले तर म्हणतात, "ताई, आता शेजारची दाढ बघू." मानेसाठी दुसरीकडे गेले, तिथे पट्टा आणि गोळ्या मिळाल्या. सकाळी उठताना जबडा जड असतो, हे मी दोघांनाही सांगितलं होतं. एकानेही माझ्या गालाला हात लावला नाही.

शेवटी मजुरा गेटच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गालांवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "बेन, दांत भींसो." मी दात आवळले. गाल दगडासारखे टणक झाले. मग दात सैल सोडायला सांगून त्यांनी गालातली एक जागा दाबली, आणि कळ उठली ती थेट त्या कॅपवाल्या दाढेत! जिची नस काढून टाकली होती, ती दाढ दुखत होती. मला तिथेच रडू फुटलं. गालाच्या आतली पांढरी रेघ आणि जिभेच्या कडेला उमटलेले दातांचे ठसे त्यांनी आरशात दाखवले. दात आवळल्याच्या या खुणा बघायला यंत्र लागत नाही. बॅटरी लागते, आणि बघायची इच्छा.

गालातला मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस हे चावण्याचे स्नायू. ते आवळले की डोकं स्थिर धरायला मानेचे आणि खांद्याचे स्नायूही ताणले जातात. थकलेल्या मॅसेटरचं दुखणं दाढेत आणि कानात जाणवतं, टेम्पोरॅलिसचं डोक्यात. म्हणून मानेला नुसता पट्टा बांधून भागत नाही.

एरवी ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांना टेकलेले नसावेत. मी सुईच्या डबीवर लाल टिकली चिकटवली आहे. ती दिसली की जबडा सैल सोडते. धागा दातांनी तोडू नका, कात्री ठेवा. सुपारी, मावा, च्युइंगगम बंद. गरम पाण्यात पिळलेला रुमाल गालावर धरा. झोपेत दात खात असाल तर मापाची कडक प्लेट करून घ्या; तिने सवय जात नाही, पण दात झिजायचे वाचतात. जोरात घोरत असाल किंवा मनावरच्या ताणाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी दात आवळणं वाढतं. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. विश्रांती घ्या, असं सगळेच सांगतात. माल देणाऱ्याला ते कोण सांगणार?

आणि एक्स-रेत काही नसताना कुणी दाढ कोरायला निघालं, तर आधी गाल आणि कानशील दाबून बघायला सांगा. तयार नसतील तर खुर्चीतून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.