फोटोतला बॉब आणि डोक्यावरचा भोवरा

फोटोतले केस हनुवटीपाशी एका रेषेत थांबले होते आणि कपाळावर भुवयांपर्यंत दाट फ्रिंज होती. चेहरा प्रस्तुत लेखिकेचाच. मोबाइलवरच्या एका ॲपला सेल्फी दिला, त्याने चेहरा 'लांबट' ठरवला आणि लांबट चेहऱ्याला शोभेल असा बॉब काही क्षणांत रंगवून दिला.

पार्लरमधल्या बाईंनी आधी फोटो पाहिला, मग केसांतून बोटं फिरवली. "ताई, तुमच्या केसांना वेव्ह आहे. ओले असताना हनुवटीपर्यंत कापले की वाळल्यावर वर चढतील. आणि इथे पुढे भोवरा आहे, फ्रिंज बसायची नाही." फोटोत मात्र ती छान बसलेली होती, तेव्हा कापणं फोटोबरहुकूम झालं. ब्लो ड्राय करून बाहेर पडताना सगळं जुळलेलंही होतं. पण जुलैच्या मुंबईत ब्लो ड्राय टिकणार किती? डोकं धुतल्यावर केस थेट कानाच्या पाळीपर्यंत चढले आणि फ्रिंज भोवऱ्यापाशी दुभंगून दोन्हीकडे उभी राहिली.

बाईंच्या बोटांना जे कळलं ते ॲपला कळण्याचा संभवच नव्हता. का, ते समजलं तर या साधनांचा नीट उपयोगही करून घेता येतो.

त्यांची कामं मुळात दोन. पहिलं, चेहरा मोजणं. गूगलचं 'फेस मेश' हे मॉडेल साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून चेहऱ्यावरचे 468 बिंदू ठरवतं. अशा बिंदूंवरून कपाळ, गालफडं आणि जबडा यांची रुंदी काढायची आणि चेहऱ्याला गोल, चौकोनी, लांबट असं एखादं नाव द्यायचं. दुसरं काम जुने केस पुसून नवे रंगवण्याचं. 2021 मध्ये पीटर वोंका आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी एक पद्धत मांडली, तिचं नावच 'बार्बरशॉप'. एका फोटोतला चेहरा आणि दुसऱ्या फोटोतले केस घेऊन ती त्यांचं एकसंध चित्र बनवते. आजचे चॅटबॉट वेगळ्या रीतीने चित्र काढत असतील, पण त्यांच्याही हाती असतात ते रंगाचे ठिपके. केसाची जाडी, त्याचा ताठरपणा, वाळल्यावर तो किती आखडतो, दमट हवेत किती फुगतो, यातलं काहीही त्या ठिपक्यांत उतरत नाही. जे दिसत नाही ते मॉडेल अंदाजाने भरतं. सप्टेंबर 2025 मध्ये गूगलच्या जेमिनी या चॅटबॉटवर जुन्या हिंदी सिनेमांच्या थाटातले साडीतले फोटो करून घेण्याची लाट आली होती, तेव्हा एका तरुणीने आपल्या पूर्ण बाह्यांच्या फोटोवरून बनलेल्या चित्रात मूळ फोटोत झाकलेला हातावरचा तीळ आल्याचं दाखवलं आणि समाजमाध्यमांवर खळबळ उडाली. चित्रातल्या दाट केसांबद्दल मात्र कुणी असा जाब विचारत नाही. विरळ कपाळावर मॉडेलने दाट फ्रिंज रंगवली तर ती सगळ्यांना आवडतेच.

मोजमापातही गोम आहे. शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या 'जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी' या नियतकालिकात 2018 मध्ये एक अभ्यास छापून आला. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास 30 टक्के रुंद दिसतं, असा त्याचा हिशेब होता. जवळून घेतलेल्या फोटोत चेहऱ्याचा मधला भाग पुढे येतो, कान आणि गालांच्या कडा मागे सरतात आणि चेहरा आहे त्याहून निमुळता भासतो. वरच्या प्रकरणातली मेख नेमकी हीच. सहा-सात फुटांवरून दुसऱ्या कुणी काढलेला फोटो दिला, तेव्हा त्याच ॲपने तोच चेहरा 'गोल' ठरवला आणि हनुवटीपर्यंतचा बॉब टाळा, असा सल्लाही दिला.

मग प्रश्न येतो आवडीनिवडीचा. 'शोभतं' हे मशीन कुणाकडून शिकलं? हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2015 मध्ये 'सेलेबए' नावाचा प्रचंड संग्रह खुला केला. त्यात नामवंतांचे दोन लाखांहून अधिक फोटो आहेत आणि प्रत्येकावर 40 खुणांची नोंद. फ्रिंज आहे का, केस सरळ की लाटदार, टक्कल आहे का, अशा त्या खुणा. त्यांतलीच एक खूण 'आकर्षक' ही. म्हणजे खूण करणाऱ्या माणसांची पसंती आकड्यांत जाऊन बसली आणि अशा आकड्यांवर मॉडेलं तयार झाली. 2017 मध्ये चेहऱ्याचे फोटो बदलून देणाऱ्या फेसॲपच्या 'हॉट' फिल्टरने तर लोकांची त्वचाच उजळ करून टाकली. निर्मात्यांना माफी मागावी लागली आणि शिकवण्यासाठी वापरलेल्या फोटोंमध्येच एकारलेपण होतं, हे त्यांनी मान्य केलं. सावळा रंग, कुरळे केस, रुंद कपाळ असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवलेलं बरं.

चॅटबॉटचा आणखी एक गुण म्हणजे गोड बोलणं. एप्रिल 2025 मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती इतकी खुशामत करू लागली की ओपनएआयने ती काही दिवसांतच मागे घेतली. 'मला पिक्सी कट शोभेल ना?' असं विचारलं की उत्तर बहुधा हो येतं, कारण प्रश्नातच ते मागितलेलं असतं.

गाजलेल्या केशरचनांकडे पाहिलं तर प्रत्येकीमागे डोक्याला हात लावणारं माणूस होतं. 1960 च्या 'लव्ह इन सिमला' या चित्रपटात अभिनेत्री साधनाचं रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर केस पुढे घेतले आणि देशभर 'साधना कट' झाला. तो पडद्यावर रोज नीट दिसत होता, कारण रोज कुणीतरी तो बसवत होतं. 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेतल्या जेनिफर ॲनिस्टनचा 'रेचल' कट नव्वदच्या दशकात जगभर पसरला. तो करणारे केशतज्ज्ञ ख्रिस मॅकमिलन. त्यांच्याशिवाय आपल्याला तो घरी जमतच नसे, हे खुद्द ॲनिस्टनने मुलाखतींमध्ये सांगितलं आहे.

म्हणून एआय वापरूच नये का? जरूर वापरावं, पण निवाड्यासाठी नव्हे. पार्लरमध्ये बोलणं सुरू करायला त्याच्यासारखं साधन नाही.

आधी फोटो नीट घ्या. केस धुऊन, तेल न लावता, हवेवर वाळू द्या. खिडकीच्या उजेडात उभे राहा आणि सहा-सात फुटांवरून दुसऱ्या कुणाला मागच्या कॅमेऱ्याने समोरचा, बाजूचा आणि पाठीमागचा फोटो काढायला सांगा. ॲपला चेहऱ्याचा आकार विचारत बसण्यापेक्षा आपल्या केसांची माहिती लिहून द्या: पातळ की दाट, सरळ की लाटदार, भोवरा कुठे, पाणी बोअरिंगचं आहे का, रोज हेल्मेट लागतं का, सकाळी केसांना किती वेळ देता येतो. मग 'हा कट मला का शोभणार नाही?' असं उलटं विचारा. 'ब्लो ड्राय न करता, दुसऱ्या दिवशी हा कट कसा दिसेल ते दाखव' असंही सांगून पाहा. आलेलं चित्र मूळ फोटोशेजारी ठेवा. जबडा बारीक झाला असेल, कपाळाची केसरेषा खाली सरकली असेल, गालावरचा तीळ गायब झाला असेल, तर ते चित्र बाद.

उरलेलं चित्र घेऊन सलूनमध्ये जा, पण कात्री चालण्याआधी विचारा: वाळल्यावर केस किती वर चढतील, किती आठवड्यांनी ट्रिम लागेल, घरी रोज काय करावं लागेल? लांबी बोटाने दाखवा, नुसते इंच सांगू नका. 2018 मध्ये दिल्लीतल्या एका सलूनमध्ये एका ग्राहक महिलेने खालून चार इंच कापायला सांगितले आणि डोक्यावर जेमतेम चार इंच उरले, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेली. आयोगाने 2021 मध्ये दोन कोटी रुपयांची भरपाई सुनावली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. पुरुषांनी मशीनचा नंबर ठरवून घ्यावा. फोटोतला फेड (कडेला आखूड होत जाणारा कट) एक नंबरचा की दोन नंबरचा हे चित्र सांगत नाही आणि दोहोंत तीन मिलिमीटरचा फरक असतो. शिवाय असा फेड दोन-तीन आठवड्यांत भरून येतो, म्हणजे सलूनच्या फेऱ्या आल्याच.

फोटो चढवण्याआधी ॲपच्या सेटिंगमध्ये डोकावा. आपली छायाचित्रं मॉडेल शिकवायला वापरण्याची परवानगी तिथे बहुधा आधीच चालू असते, ती बंद करा. भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याच्या आणि माहिती पुसून मागण्याच्या हक्काची तरतूद आहे. मुलांचे फोटो मात्र असल्या ॲपला देऊच नका.

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. भुवयांपर्यंत कापलेली फ्रिंज हनुवटीपर्यंत यायला जवळपास वर्ष जातं. तेव्हा ॲपने दाखवलेला नवा कट पहिल्यांदा करून घेताना दोन बोटं लांबी जास्त ठेवायला सांगा. केस घरी धुऊन, वाळवून आठवडाभर पाहा आणि मगच उरलेले कापायला जा.