प्लायवूडचे आर्केड कॅबिनेट घरी बनवताना

टेबलावर मावणारे आर्केड कॅबिनेट म्हणजे प्लायवूडची एक पेटी. दोन बाजूच्या फळ्या, मध्ये मागे कललेला मॉनिटर, त्याखाली जॉयस्टिक-बटणांची फळी आणि आत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, एवढाच तिचा पसारा. ड्रिल, जिगसॉ आणि सँडर हाताशी असले की ती पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या घराच्या पडवीतही बनते. काम बिघडते ते बहुधा एकाच कारणाने: लाकूड आधी कापले जाते आणि सामान मागाहून येते.

पहिला निर्णय खेळांचा. व्हिडिओ गेम पार्लरच्या काळात आपल्याकडे ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेल्या कॅपकॉमच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला (१९९३) एक स्टिक आणि दोन बटणे पुरतात, ‘स्ट्रीट फायटर २’ला (१९९१) प्रत्येक खेळाडूला सहा लागतात. जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर साधारण १६ इंच रुंद भरतो. पेटीची रुंदी त्यावरून ठरवली, की दोघे खेळताना कोपराला कोपर लागते. दोघांसाठी दोन फूट तरी हवेत. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब काढून वापरण्याच्या फंदात पडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

सर्वांत जास्त लाकूड वाया जाते ते बटणांपायी. नुसती दाबून बसणारी ३० मिमीची बटणे पातळ पत्र्यासाठी किंवा अ‍ॅक्रिलिकसाठी असतात. १२ मिमी प्लायवूडमध्ये त्यांचे कान पलीकडे पोहोचतच नाहीत आणि जोरात खेळताना बटण वर उचलले जाते. जाड फळीला लांब आट्यांचे, मागून नट आवळायचे बटण घ्यावे. त्याला साधारण २८ मिमीचे भोक पुरते. दुकानदाराच्या सांगण्यावर न जाता बटण हातात आल्यावर मापावे आणि टाकाऊ तुकड्यात एक भोक पाडून ते बसवून पाहावे. होल सॉ चालवताना मधला गिरमिट मागच्या बाजूने डोकावला की थांबावे, फळी उलटी करावी आणि उरलेले भोक मागून पुरे करावे. मग कडेचे पापुद्रे निघत नाहीत. फळी क्लॅम्पने आवळलेलीच हवी. होल सॉ अडकला तर सुटी फळी गरकन फिरते आणि हातावर बसते. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत. ते गुंडाळले जातात.

एमडीएफ गुळगुळीत आणि स्वस्त असले, तरी पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि कडेत स्क्रू टिकत नाही. प्लायवूडच बरे. जिगसॉचे पाते वर येताना कापते, त्यामुळे पापुद्रे वरच्या अंगाला उडतात. चांगली बाजू खाली ठेवून मागच्या बाजूला रेघ मारावी. दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून कापल्या तर पाते वाकते आणि खालची फळी वेगळ्याच आकाराची निघते. आधी एक कापून घासावी, मग तिच्यावरून दुसरी आखावी.

एक काम मात्र कधीच करू नये: अँगल ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे. त्यासाठी अनेकदा गार्ड काढावा लागतो. मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारे ते पाते प्लायवूडमध्ये अडकले, की ग्राइंडर उसळून धरणाऱ्याच्या अंगावर येतो. सरळ कापासाठी शीट प्लायवूडच्या दुकानातच कापून आणावे. घासताना चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच.

पिंपळगाव बसवंतच्या निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते. अशा पहाटे लावलेला फेविकॉल पांढरा, भुसभुशीत राहतो आणि सांधा धरत नाही. चिकटवण्याचे काम दुपारच्या उन्हाच्या वेळी करून पेटी रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवावी.

विजेचे काम शेवटी. पेटीत २३० व्होल्टची उघडी जोडणी ठेवू नये. तयार अडॅप्टर आणि अर्थिंगचा बोर्ड वापरावा, आत येणारी वायर लाकडाला क्लिपने पक्की करावी. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा साधा चार्जर लावला तर पडद्यावर विजेचे चिन्ह चमकते आणि खेळ अडखळतो. मागच्या फळीला वर आणि खाली भोके ठेवावीत, म्हणजे गरम हवा बाहेर पडते. खेळ चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डवरची नोंद अर्धवट राहून पुढच्या वेळी यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. त्यामुळे सगळे नीट बसल्यावर कार्डाची प्रत काढून पेटीबाहेर ठेवावी. राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस घ्यायचा असेल, तर तो रास्पबेरी पायला लागतात तेवढे व्होल्ट आणि अँपिअर देतो का ते आधी पाहावे.