अडॅप्टरची निवड : पिन बसली म्हणजे काम झालें असें नव्हे

शेतीच्या कामांत विजेचा प्रवेश मुख्यतः विहिरीवरील मोटारीच्या रूपानें झाला. ती मोटार आतां शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. तिच्या आवाजावरूनच तिचें दुखणें तो ओळखतो. परंतु अलीकडे घरांत, गोठ्यांत व शेतावर निराळ्याच जातीचीं यंत्रें आलीं आहेत. पाठीवरचा बॅटरी पंप, इलेक्ट्रॉनिक वजनकांटा, ठिबकाच्या झडपा उघडणारा नियंत्रक, देखरेखीचा कॅमेरा, इंटरनेटचा राउटर हीं सर्व नाजूक प्रकृतीचीं यंत्रें होत. घरांतील २३० व्होल्टांची वीज यांस थेट सोसत नाहीं. ती उतरवून त्यांच्या सोईची करून देण्याचें काम एक लहानसा डबा करतो. त्यासच आपण अडॅप्टर किंवा चार्जर म्हणतों.

हा डबा बिघडतो तो बहुधा ऐन कामाच्या वेळीं. कपाशीवर फवारणी निघालेली असते, मजूर सांगून ठेवलेले असतात, आणि सकाळीं पाहावें तों पंप चार्ज झालेलाच नसतो. मग घाईघाईनें घरांतला दुसरा एखादा डबा शोधला जातो, किंवा बाजारांतून पिन बसेल असा कोणताही आणला जातो. पिन बसते, दिवा लागतो, आणि काम झालें असें वाटतें. परंतु दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. दोनतीनशें रुपयांच्या डब्यापायीं कित्येक हजारांचें यंत्र जळतें, आणि प्रसंगीं घरास आगही लागते. म्हणून बदली अडॅप्टर निवडतांना कोणत्या गोष्टी क्रमानें पाहाव्यात, याचा विचार या लेखांत केला आहे.

जुना कां गेला?

नवा घेण्यापूर्वीं जुना कशानें गेला याचा शोध घ्यावा. पुष्कळदां डबा शाबूत असून पिनजवळची वायर आंतून तुटलेली असते. कधीं बोर्डाचें सॉकेटच सैल झालेलें असतें. एकाच दिवशीं घरांतील दोनतीन उपकरणें जळालीं असतील, तर दोष अडॅप्टरचा नसून पुरवठ्याचा आहे असें समजावें. तीन फेजांच्या पुरवठ्यांत न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली, म्हणजे एखाद्या घरांत २३० च्या ऐवजीं ४०० व्होल्टांच्या आसपास दाब येऊं शकतो. अशा वेळीं नवा अडॅप्टर लावणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणेंच होय. आधीं वायरमनकडून न्यूट्रल व अर्थिंग तपासून घ्यावें. विजा चमकूं लागल्या म्हणजे अडॅप्टर नुसता बटनानें बंद न करतां सॉकेटांतून काढून ठेवावा.

दाब व प्रवाह

अडॅप्टरवर बारीक अक्षरांत एक पट्टी असते. तींत इनपुट म्हणजे आंत घ्यावयाची वीज, आणि आउटपुट म्हणजे बाहेर द्यावयाची वीज, अशा दोन ओळी असतात. इनपुटच्या ओळींत १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलें असल्यास, गांवांत दाब कमी झाला तरी तो डबा बहुधा निभावून नेतो. आपणांस मुख्यतः पाहावयाची ती आउटपुटची ओळ. तिच्यावर व्होल्ट व ॲम्पिअर असे दोन आंकडे असतात. या दोहोंचा अर्थ पाण्याच्या उदाहरणानें सहज समजेल.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. ठिबकाची नळी साधारण एक किलो दाबावर नीट चालते. तिला चार किलो दाब दिला तर तोट्या उडून जातील, आणि पाव किलोच दिला तर शेवटच्या झाडास पाणी पोंचणार नाहीं. यंत्राचेंही तसेंच आहे. ज्यावर १२ व्होल्ट लिहिलें आहे त्यास १२ व्होल्टांचाच अडॅप्टर पाहिजे. ९ व्होल्टांच्या यंत्रास १२ व्होल्ट दिल्यास तें जळण्याचा संभव आहे. १२ व्होल्टांच्या यंत्रास ९ दिल्यास तें अडखळत चालेल किंवा मुळींच चालणार नाहीं. यंत्रावर ९ ते १२ असा पल्ला छापला असेल तरच त्या पल्ल्यांतला कोणताही दाब चालेल.

ॲम्पिअर म्हणजे प्रवाहाचें मान. अडॅप्टरवरील ॲम्पिअरचा आंकडा ही त्याची देण्याची शक्ति आहे; तितका प्रवाह तो यंत्रांत बळेंच लोटीत नाहीं. विहिरीस पाणी विपुल आहे म्हणून मोटार अधिक पाणी ओढीत नाहीं, तद्वत् यंत्र आपल्या गरजेपुरताच प्रवाह घेतें. म्हणून यंत्रास १ ॲम्पिअर लागत असेल व अडॅप्टर २ ॲम्पिअरचा असेल, तर कांहींच बिघडत नाहीं. उलट यंत्रास २ लागत असतां १ ॲम्पिअरचा लावला, तर तो डबा तापतो, त्याचा दाब खालीं येतो, आणि वेष्टण वितळण्यापर्यंत पाळी येते. थोडक्यांत नियम असा : व्होल्ट तंतोतंत, ॲम्पिअर तितकाच किंवा जास्त. बॅटरीच्या चार्जरपुरता मात्र या नियमास अपवाद आहे. तो पुढें सांगितला आहे.

एसी कीं डीसी

आउटपुटच्या आंकड्यापुढें एक लहान खूण असते. सरळ रेघ व तिच्याखालीं तीन तुटक रेघा असल्यास ती एका दिशेनें वाहणारी, म्हणजे डीसी वीज; नागमोडी रेघ असल्यास दिशा पालटणारी, म्हणजे एसी वीज. बहुतेक लहान यंत्रांस डीसी लागते. परंतु ठिबकाच्या अनेक स्वयंचलित नियंत्रकांस व त्यांच्या विद्युत्झडपांस २४ व्होल्ट एसी लागते. तेथें २४ व्होल्ट डीसीचा अडॅप्टर लावला, तर झडपेच्या गुंडाळींतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहून ती जळूं शकते. कांहीं नियंत्रकांत तर उघडलेली झडप बंदच होत नाहीं. आंकडा जुळला तरी खूण जुळत नसेल तर तो अडॅप्टर परत करावा.

धन व ऋण

डीसी विजेस धन व ऋण अशीं दोन टोंकें असतात. गोल पिनच्या अडॅप्टरांत एक टोंक आंतील पोकळीस व दुसरें बाहेरील नळीस जोडलेलें असतें. पट्टीवर मध्यें टिंब असलेलें एक लहान चित्र असतें. टिंबापासून निघालेली रेघ ज्या चिन्हाकडे जाते, तें पिनच्या आंतील बाजूचें चिन्ह होय. बहुतेकांत आंतील बाजू धन असते, पण सर्वांत नाहीं. यंत्रावरील चित्र व अडॅप्टरवरील चित्र एकसारखें असलेंच पाहिजे. जुनी पिन कापून नव्या डब्यास जोडण्याची आपल्याकडे फार रीत आहे. तींत हीच चूक घडते, कारण वायरच्या रंगावर विसंबतां येत नाहीं.

पिनच्या मापांतही एक फसगत आहे. बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीच्या पिना आंतून कांहीं २.१ तर कांहीं २.५ मिलिमीटरच्या असतात, आणि नुसत्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. २.५ ची पिन २.१ च्या जागीं बसते खरी, पण ती सैल राहते. तेथें ठिणग्या पडतात व जोड तापतो.

बॅटरी पंपाचा चार्जर

येथें विशेष सावध राहिलें पाहिजे. १२ व्होल्टांची बॅटरी आहे म्हणून १२ व्होल्टांचा साधा अडॅप्टर लावावा, हा तर्क चुकीचा आहे. शिसे-आम्लाची १२ व्होल्टांची बॅटरी पूर्ण भरली म्हणजे तिचाच दाब सुमारें १२.७ व्होल्ट असतो. उंच टाकींत पाणी चढविण्यास टाकीहून अधिक दाब लागतो. तसाच ही बॅटरी भरण्यास १४.४ व्होल्टांच्या आसपास दाब लागतो. साध्या अडॅप्टरानें ती सदैव अर्धवट भरलेली राहते, आणि अशी राहिलेली बॅटरी लवकर निकामी होते.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. अलीकडे पुष्कळ पंपांत लिथियमची बॅटरी येते. तीन घटांची लिथियम-आयन बॅटरी १२.६ व्होल्टांवर पूर्ण भरते. प्रत्येक घटाची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. तिला शिसे-आम्लाचा १४.४ व्होल्टांचा चार्जर लावला, तर प्रत्येक घटावर ४.८ व्होल्ट दाब येतो. बॅटरींतील संरक्षक पट्टी चांगली असेल तर ती प्रवाह तोडते. ती नसेल वा बिघडली असेल तर घट फुगतो व पेटूं शकतो. लिथियम-लोह-फॉस्फेट या जातीची चार घटांची बॅटरी १४.६ व्होल्टांवर भरते. बाहेरून तिन्ही बॅटऱ्यांवर लोक १२ व्होल्टच म्हणतात. म्हणून दुकानांत जातांना नुसतें १२ व्होल्ट न सांगतां बॅटरीची जात सांगावी. शक्य तर बॅटरीवरील पट्टीचें छायाचित्र घेऊन जावें.

चार्जरच्या ॲम्पिअरविषयींही येथें नियम निराळा आहे. रिती बॅटरी मिळेल तितका प्रवाह ओढूं पाहते. ८ ॲम्पिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीस १ ते २ ॲम्पिअरचा चार्जर योग्य. लवकर भरावी म्हणून ५ ॲम्पिअरचा लावूं नये. लिथियमच्या बाबतींत निर्मात्यानें छापलेला आंकडाच प्रमाण मानावा.

स्वस्ताईची खरी किंमत

चांगल्या अडॅप्टरांत २३० व्होल्टांची बाजू व लहान दाबाची बाजू यांच्यामध्यें पुरेसें अंतर व भक्कम आवरण असतें. हलक्या मालांत पैसे वांचवितात ते नेमके येथेंच. हा आडपडदा तुटला म्हणजे घरची पूर्ण वीज लहान वायरींतून यंत्राच्या अंगावर येते. अडॅप्टरवर चालणाऱ्या वजनकांट्याचें पोलादी ताट अशा वेळीं जिवंत तारेसारखें होऊं शकतें, आणि ओल्या हातानें धान्य तोलणाऱ्याच्या जिवावर बेततें.

म्हणून खरेदी करतांना भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. संगणक व तत्सम उपकरणांच्या अडॅप्टरांस सरकारी आदेशानें नोंदणी सक्तीची झाली. अशा मालावर खुणेबरोबर आर या इंग्रजी अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बी.आय.एस. केअर या मोबाइलवरील अ‍ॅपमध्यें घालून पाहिल्यास कोणाच्या नांवें नोंद आहे तें कळतें. चौकोनांत चौकोन ही खूण दुहेरी आवरणाची असून, अशा डब्यास अर्थिंगची पिन लागत नाहीं. मूळच्या डब्यास तीन पिना असतील तर बदलीसही तीनच पाहिजेत. तिसरी पिन कापून टाकणें हें संकटास आमंत्रण होय. घरच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचें आर.सी.सी.बी. बसवून घेतल्यास जिवाचें रक्षण पुष्कळ अंशीं होतें.

लावण्यापूर्वीं व लावल्यावर

साधा मल्टिमीटर आतां फार महाग राहिलेला नाहीं; चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून एक घेतला तरी चालेल. नवा अडॅप्टर यंत्रास लावण्यापूर्वीं त्याचा दाब मोजावा. तांबडी तार पिनच्या आंत व काळी बाहेर लावली असतां आंकड्यापूर्वीं वजाचें चिन्ह आलें, तर आंतील बाजू ऋण आहे असें समजावें. जुन्या पद्धतीचे, आंत लोखंडी गाभा असलेले जड अडॅप्टर भाराशिवाय मोजले तर १२ च्या ऐवजीं १६ व्होल्टही दाखवितात. नाजूक यंत्रास असे लावूं नयेत.

नवा डबा लावल्यावर पहिला अर्धा तास जवळ राहावें. तो कोमट होणें स्वाभाविक आहे. पण हात ठेववत नसेल, करपल्याचा वास येत असेल किंवा आंतून चरचर ऐकूं येत असेल, तर मुख्य बटन बंद करून तो काढावा. चार्जिंगची जागा कापूस, कडबा, बारदान व कीटकनाशकांच्या डब्यांपासून दूर, कोरडी व वारा खेळणारी असावी. सर्व निजल्यावर पंप रात्रभर चार्जिंगला ठेवण्याची संवय सोडलेली बरी.

मूळचा अडॅप्टर हरवला असेल तर यंत्राच्या मागील पट्टीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेंत हीच माहिती मिळते. कोठेंच न मिळाल्यास अंदाजानें कांहीं जोडूं नये. यंत्र घेऊन जाणकाराकडे जावें. यासाठीं आज एक छोटें काम प्रत्येकानें करून ठेवावें. घरांतील प्रत्येक अडॅप्टरवर तो कोणत्या यंत्राचा आहे तें चिकटपट्टीवर लिहावें, आणि दाब, प्रवाह, एसी कीं डीसी, व पिनची आंतील बाजू धन कीं ऋण, या चार गोष्टी वहींत टिपाव्यात. बियाणें घेतांना पिशवीवरील पट्टी वाचल्याशिवाय आपण पैसे देत नाहीं. तीच दक्षता या लहान डब्याविषयीं बाळगली, तर ऐन हंगामांत यंत्र जळण्याची व घरास धोका पोंचण्याची भीति पुष्कळ कमी होईल.