परस्पर संमतीचा घटस्फोट : आर्थिक तडजोडीला कायद्याचे बळ

विवाहसंबंध पुढे चालणे शक्य नाही, हे पतिपत्नीस सामंजस्याने पटले तरी राहते घर, दागिने, ठेवी, कर्जाचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण हे प्रश्न उरतातच. नातेवाइकांच्या बैठकीत ते मिटविले जातात, मुद्रांक कागदावर 'फारकत' लिहिली जाते, साक्षीदार सह्या करतात आणि सर्व काही संपले असे मानले जाते. या समजुतीतच धोका आहे.

फारकतीची मर्यादा

केवळ अशा कागदाने हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये विवाह संपुष्टात येत नाही. कलम २९ ने रूढीप्रमाणे होणाऱ्या घटस्फोटास संरक्षण दिले आहे. मात्र तशी रूढी अस्तित्वात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिचा आधार घेणाऱ्यावर असते. शिवाय, कागदावर कबूल केलेली रक्कम पतीने वर्षभराने थांबविली, तर पत्नीस नव्याने दाद मागावी लागते. तीच अट न्यायालयाच्या हुकूमनाम्यात समाविष्ट असल्यास अंमलबजावणीसाठी थेट दरखास्त दाखल करता येते. खाजगी कागद आणि हुकूमनामा यांतील खरा फरक हाच होय.

संमतीची कार्यपद्धती

१९७६ च्या दुरुस्तीने या अधिनियमात कलम १३-ब समाविष्ट झाले. किमान एक वर्ष विभक्त राहिलेल्या दांपत्यास त्यानुसार संयुक्त याचिका करता येते. त्यानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, उभयतांनी पुन्हा विनंती करावयाची असते. योग्य प्रकरणी सहा महिन्यांची ही अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्येही अशीच तरतूद आहे.

हुकूमनामा होईपर्यंत कोणत्याही पक्षास संमती मागे घेता येते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. म्हणूनच ठरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी, शेवटचा हप्ता अंतिम सुनावणीच्या वेळी द्यावा आणि संमती मागे घेतली गेल्यास दिलेल्या रकमेचे काय, हेही लिहून ठेवावे.

मसुद्यात काय असावे?

प्रथम उभयतांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी उघड करावीत. पोटगीच्या प्रकरणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे शपथपत्र आवश्यक केले. संमतीच्या प्रकरणातही तो नमुना उपयोगी पडतो. त्यानंतर पुढील बाबी स्पष्ट लिहाव्यात :

(१) रक्कम एकरकमी की मासिक, ती कोणत्या तारखेस व कोणत्या मार्गाने द्यावयाची.

(२) स्त्रीधनाची यादी आणि ते परत केल्याची पोच.

(३) घर कोणाकडे राहील. स्थावर मालमत्ता हा याचिकेचाच विषय आहे किंवा नाही, यावर नोंदणीची आवश्यकता अवलंबून असते. सदनिका असल्यास सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या भागपत्रावरील नावही बदलून घ्यावे.

(४) कर्ज कोण फेडणार. पतिपत्नीचा आपसांतील करार बँकेवर बंधनकारक नसतो. म्हणून सहकर्जदाराचे नाव कमी करण्यास बँकेची लेखी संमती घ्यावी.

(५) मुलांचा ताबा, भेटीच्या वेळा आणि खर्च. आईवडिलांच्या तडजोडीने मुलांचा निर्वाहाचा हक्क संपत नाही. म्हणून त्यांची तरतूद स्वतंत्र दाखवावी.

हुकूमनाम्यानंतर विमा, बँक व भविष्य निर्वाह निधी यांतील नामनिर्देशन तपासून आवश्यक ते बदल करून घ्यावेत.

साहाय्य कोठे मिळते?

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ अन्वये स्थापन झालेल्या न्यायालयांत विवाह समुपदेशकांचे साहाय्य मिळते. तसेच विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. सही करण्यापूर्वी तेथे मसुदा वाचून घेतल्यास पुढील अनेक वर्षांचा मनस्ताप टळू शकतो.

सामंजस्य ही मोलाची गोष्ट आहे. परंतु परिस्थिती बदलली, पुनर्विवाह झाला, उत्पन्न घटले की शब्द विसरला जातो. हुकूमनाम्यातील अट मात्र उभयतांवर बंधनकारक राहते आणि दुर्बल पक्षास खरा आधार तिचाच असतो.