विजेरीत कोणते सेल घालावेत?

प्रश्न : घरातील विजेरी क्वचितच लागते, तिच्यासाठी कोणते सेल योग्य?

उत्तर : बोलीत विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हटले जात असले, तरी येथे प्रश्न तिच्यातील सेलचा आहे. अल्कलाइन सेल स्वस्त असतो. परंतु त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे दाहक द्रावण असल्याने, संपलेला सेल महिनोन्‌महिने तसाच राहिल्यास ते झिरपते, स्प्रिंगवर पांढरी पूड साचते आणि ऐन अंधारात विजेरी दगा देते. याउलट १.५ व्होल्टचा लिथियम सेल, म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम-लोह डायसल्फाइड सेल, महाग असूनही सहसा गळत नाही व दहा वर्षांहून अधिक काळ टिकतो. म्हणून पडून राहणाऱ्या विजेरीसाठी तोच श्रेयस्कर ठरतो. रोजच्या वापराला मात्र पुन्हा चार्ज होणारा, १.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड सेलच परवडतो. जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत.