मालवण किनाऱ्यावरील हरितगृहे आणि थंडीतील वारे

दिवाळी सरली की सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर वाऱ्याचे वळण पालटते. पावसाळ्यातील नैर्ऋत्येचा वारा थांबलेला असतो. त्याच्या जागी रात्री व पहाटे सह्याद्रीच्या बाजूने समुद्राकडे उतरणारा कोरडा मतलई वारा वाहू लागतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा जमिनीकडे येतो. थंडीच्या दिवसांत हा दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. उत्तरेकडील थंड हवेचा जोर असला म्हणजे तो चांगलाच बळावतो. आंबा मोहरण्याचा हाच काळ असल्यामुळे वाऱ्याची चर्चा बागायतदारांत नेहमी होते. परंतु ती मोहराभोवतीच फिरते. घरालगतच्या परसात किंवा रोपवाटिकेत उभारलेल्या लहान हरितगृहावर हाच वारा काय परिणाम करतो, याकडे मात्र छप्पर फाटल्यावरच लक्ष जाते.

या जिल्ह्यात अशा आच्छादित जागांचे महत्त्व मोठे आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याआधीपासून कार्यरत होते. तेथून प्रसारित झालेल्या काजूच्या ‘वेंगुर्ला’ जातींनी आणि आंब्याच्या कोय कलमाच्या पद्धतीने कलमांना मागणी निर्माण केली. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला आणि ही मागणी अनेक पटींनी वाढली. आज मालवण, वेंगुर्ले, कुडाळ आणि सावंतवाडी या तालुक्यांत रोपवाटिका हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे. कोय कलमे जुलै-ऑगस्टमध्ये बांधली जातात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर विकली जातात. म्हणजे थंडीत वारा सुटतो त्या वेळी कुटुंबाची वर्षाची मिळकत चार-सहा महिन्यांच्या कोवळ्या कलमांच्या रूपाने जाळीखाली किंवा पॉलिथिनच्या छपराखाली उभी असते.

वारा ढकलतो, तसाच उचलतोही

वाऱ्याचा दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोग्रॅम भाराइतका दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की हाच दाब चौपट, सुमारे २४ किलोग्रॅम होतो. ताशी १०८ किलोमीटरला तो ५५ किलोग्रॅमपर्यंत जातो. चार मीटर उंच व दहा मीटर लांब अशा एका बाजूवर ताशी ७२ किलोमीटरचा वारा जवळजवळ एक टन जोर लावतो. हे गणित उलट दिशेनेही वाचावे. वाऱ्याचा वेग निम्म्यावर आणता आला, तर दाब एक चतुर्थांश उरतो. हरितगृहाच्या संरक्षणाचा सारा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

वारा हरितगृह पाडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात हलक्या हरितगृहाचे नुकसान बहुधा उचलले जाण्याने होते. छपरावरून वेगाने जाणारा वारा छपराला वरच्या बाजूस ओढतो. त्याच वेळी वाऱ्याच्या तोंडावरचे दार किंवा बाजूचा पडदा उघडा असेल आणि पलीकडची बाजू बंद असेल, तर आत शिरलेली हवा छपराला खालून ढकलते. दोन्ही जोर एकत्र आले की हरितगृह फुगलेल्या शिडासारखे होते. म्हणून वाऱ्याच्या दिवशी वाऱ्याकडील बाजू प्रथम व पूर्णपणे बंद करावी. हवा खेळती ठेवण्यासाठी काही उघडे ठेवावयाचे असेल तर ते वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या बाजूचे असावे. हरितगृहाचे दार मुळातच दक्षिणेकडे ठेवले, तर थंडीच्या दिवसांत ते आपोआप आडोशाला येते.

उचलीचा विचार पायाच्या वेळीच केला पाहिजे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दर चौरस मीटरला २४ किलोग्रॅमची उचल धरली, तर एकूण जोर २,४०० किलोग्रॅम होतो. नळ्यांचा सांगाडा व पॉलिथिनचा कागद यांचे वजन त्यापुढे नगण्य आहे. एका खांबाखाली ३० सेंटीमीटर रुंद, तितकाच लांब आणि ६० सेंटीमीटर खोल काँक्रीटचा ठोकळा घातला, तर त्याचे वजन सुमारे १३० किलोग्रॅम भरते. असे बारा खांब धरले तरी १,५६० किलोग्रॅमच होतात. उरलेला भार जमिनीच्या पकडीने पेलावयाचा असतो, आणि येथेच किनाऱ्यावरील जागेचा फरक पडतो. जांभ्याच्या कातळात खोदलेला खड्डा काँक्रीटला घट्ट धरतो. पुळणीच्या वाळूत ही पकड फारच थोडी असते. देवगडच्या सड्यावर टिकलेल्या हरितगृहाचे माप जसेच्या तसे तारकर्लीच्या वाळूत वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. वाळूत खड्डा अधिक खोल घ्यावा, ठोकळ्याचा तळ वरच्या भागापेक्षा रुंद ठेवावा आणि नळाच्या खालच्या टोकाला आडवी सळई जोडून मगच काँक्रीट ओतावे.

गडगा की वई?

कोकणी माणसाला वाऱ्यापासून आडोसा म्हटला की प्रथम गडगा आठवतो. जांभ्याचा भक्कम गडगा गुरांपासून संरक्षण देतो यात शंका नाही. वाऱ्यासाठी मात्र तो समजला जातो तितका उपयोगी नाही. भरीव भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो व भिंतीच्या पलीकडे भोवरे करीत खाली उतरतो. हे भोवरे नेमके भिंतीजवळ बांधलेल्या हरितगृहाच्या छपरावर येतात. याउलट ज्या आडोशातून निम्मा वारा गाळून पलीकडे जातो, तो आडोसा वाऱ्याचा जोर मोडतो आणि भोवरेही होऊ देत नाही. अशा आडोशाच्या मागे त्याच्या उंचीच्या सुमारे दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग स्पष्टपणे कमी राहतो. दोन मीटर उंचीची दाट वई वीस मीटरपर्यंत, तर सहा मीटर उंचीची झाडांची रांग साठ मीटरपर्यंत उपयोगी पडते. उंचीच्या तिपटीपासून सहापटीपर्यंतचा पट्टा सर्वांत शांत असतो. हरितगृह शक्यतो तेथे यावे.

शिरोड्याजवळील वेळागरच्या सुरूच्या बनात उघड्या पुळणीवरून शिरणाऱ्या कोणालाही हा फरक दहा-वीस पावलांत जाणवतो. सुरूचे झाड मूळचे या किनाऱ्याचे नव्हे; एकोणिसाव्या शतकात कारवारच्या बाजूला त्याची लागवड झाली आणि पुढे ते पश्चिम किनाऱ्यावर पसरले. ते वाळूत वाढते, खारा वारा सोसते, मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळविते आणि त्याच्या बारीक काड्यांसारख्या फांद्यांतून वारा उत्तम गाळला जातो. दोष एवढाच की, वय वाढले की खालच्या फांद्या झडतात व बुंध्यांच्या दरम्यान मोकळी जागा राहते. मग वारा खालून अधिक वेगाने घुसतो. म्हणून सुरूच्या रांगेपुढे निर्गुडी, गिरिपुष्प किंवा केवडा अशा ठेंगण्या झुडपांची दुसरी रांग हवी. उंडी, भेंड आणि करंज ही किनाऱ्याची जुनी झाडे सुरूपेक्षा सावकाश वाढतात, परंतु तळापासून भरदार राहतात. ज्याला घाई नाही त्याने तीच निवडावी.

माडाच्या बागेमुळे वारा अडतो, हा समज मात्र सोडून द्यावा. माडाचा शेंडा उंच आणि खोड उघडे असते. जमिनीलगत उभ्या असलेल्या हरितगृहाला त्या शेंड्याचा फारसा लाभ होत नाही, उलट खोडांमधून येणारा झोत थेट लागतो.

रांगेची दिशा ठरविताना सूर्याचाही विचार करावा लागतो, आणि या बाबतीत मालवण किनारा सुदैवी आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. सहा मीटर उंच झाडाची सावली त्या वेळी पाच मीटर पडते आणि ती उत्तरेकडे जाते. उत्तर व वायव्येच्या वाऱ्यासाठी लावलेली रांग हरितगृहाच्या उत्तरेला असल्याने तिची सावली हरितगृहावर पडतच नाही. पूर्वेकडील मतलई वाऱ्यासाठी रांग लावावयाची असेल, तर तिची सावली सकाळी साडेनऊच्या सुमारास सुमारे दहा मीटर असते. तितके अंतर सोडावे. दक्षिण बाजू मोकळी ठेवावी. कोणत्याही बाजूला झाड आणि हरितगृह यांमध्ये निदान झाडाच्या पूर्ण उंचीइतके अंतर हवे. वादळात उन्मळलेले सुरूचे झाड छपरावर पडले, तर संरक्षणासाठी लावलेली रांगच नुकसानीचे कारण होते.

देवबागसारख्या ठिकाणी मात्र हे सर्व हिशेब अपुरे पडतात. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांमधील ती जमिनीची चिंचोळी जीभ आहे. पहाटे खाडीकडून आणि दुपारी समुद्राकडून वारा येतो. झाडांची रुंद रांग लावण्यास जागा नाही. तेथे उंच हरितगृहाचा हव्यास न धरता बसके, दोन-अडीच मीटर उंचीचे जाळीगृह बांधणे आणि दोन्ही बाजूंना जाळीचे कुंपण घालणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

झाडे वाढेपर्यंत

झाडांची रांग उपयोगी होण्यास तीन-चार वर्षे लागतात. तोपर्यंत माणग्याच्या बांबूंचे खांब रोवून त्यांवर पन्नास टक्के सावलीची जाळी ताणावी. जाळी मिळण्यापूर्वी या भागात माडाच्या चुडतांचे विणलेले झाप उभे करीत. त्यांतून वारा गाळला जातो, खर्च जवळजवळ नसतो आणि एक हंगाम ते निश्चित टिकतात. वारा गाळण्याची ही पद्धत आजच्या जाळीच्या तत्त्वापेक्षा वेगळी नाही. कुंपण हरितगृहाच्या दोन्ही टोकांच्या पुढे काही मीटर न्यावे, कारण आडोशाच्या टोकाशी वारा वळसा घेताना अधिक वेगवान होतो. कुंपणात वाट ठेवावयाची असल्यास ती तिरकी किंवा आडपडद्याची ठेवावी.

थंडीतील वाऱ्याचा खरा धोका त्याच्या चिकाटीत आहे. तो वादळासारखा एका तासात निकाल लावीत नाही. दररोज दुपारी कागद फडफडत राहतो, नळीवर घासतो आणि जेथे घासतो तेथे झिजून फाटतो. उन्हाने तापलेली नळी कागदाला त्याच जागी अधिक कमकुवत करते. कागदाखालील नळीला पांढरा रंग दिल्यास हे पुष्कळ टळते. कागद ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्प्रिंगने घट्ट बसवावा. छपरावरून बांधण्यास काथ्याचा दोर सोयीचा वाटतो, परंतु तो खरखरीत असल्याने कागद कापतो. त्याऐवजी रुंद सपाट पट्टा वापरावा. खाऱ्या हवेने गंजलेले नटबोल्ट व तारा पावसाळा संपताच, ऑक्टोबरअखेरपर्यंत बदलून घ्याव्यात.

आतील कलमांची काळजी वेगळी. वाऱ्याकडील पहिल्या दोन-तीन ओळींतील पिशव्या इतरांच्या आधी सुकतात. तेथे मिरीच्या कोवळ्या फाट्यांऐवजी काजूसारखी काटक रोपे ठेवावीत व पाणी सकाळी लवकर द्यावे. पानांवर बसलेले मीठ गोड्या पाण्याने धुतल्यास पानांच्या कडा करपत नाहीत. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होत असेल, तर ते या कामास वापरू नये.

आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. पावसाळा संपल्यानंतरही अरबी समुद्रात चक्रीवादळे उद्भवतात. ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकण किनाऱ्यावर आले, तर ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ‘क्यार’ या किनाऱ्याजवळून गेले. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने सिंधुदुर्गातील बागांची व घरांची केलेली हानी अद्याप विस्मरणात गेलेली नाही. अशा वाऱ्यापुढे वई किंवा जाळीचे कुंपण पुरे पडत नाही. हवामान खात्याचा इशारा मिळताच कागद व जाळी उतरवून सांगाडा मोकळा करावा. मोकळ्या सांगाड्यातून वारा निघून जातो. यासाठी स्प्रिंगच्या पट्ट्या हाताने सुटतील अशा ठेवाव्यात, शिडी हरितगृहाजवळच असावी आणि कलमांच्या पिशव्या जमिनीवर एकमेकींना लगटून मांडून त्यांवर ओली चुडते पसरावीत.