तोझाई लाइनवर चित्रं, गाणं आणि सोबा: दिवसाचा खर्च किती?

तोक्योच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरंही आहेत. महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. लेकीकडे नाहीतर मुलाकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे आईवडील इथेच उतरतात. पण त्यांचं तोक्यो बहुधा फुजी पर्वत, असाकुसाचं देऊळ आणि नातवंडांबरोबर डिस्नेलँड एवढ्यावर आटोपतं. संग्रहालयं, गाण्याचे कार्यक्रम, चांगलं जपानी जेवण हे सगळं ‘आपल्याला कुठलं परवडतंय’ म्हणून राहून जातं. ते परवडतं. पाटीवरच्या किमतीत काय धरलेलं नसतं, एवढं मात्र आधी माहीत हवं.

निशी-कासाईतून जाणारी तोझाई ही मेट्रो लाइन या कामी फार उपयोगाची आहे. किबा, मोनझेन-नाकाचो, निहोनबाशी, ताकेबाशी, ईदाबाशी, कागुराझाका, वासेदा, नाकानो ही सगळी स्टेशनं एका गाडीत येतात. काही गाड्या नाकानोच्या पुढे जेआर या रेल्वे कंपनीच्या रुळांवरून मिताकापर्यंत जातात, म्हणजे कोएंजीलाही गाडी न बदलता पोचता येतं. मेट्रोचं कमीत कमी भाडं १८० येन आहे. निशी-कासाई ते ताकेबाशी सुमारे २१० येन पडतात, आणि नाकानोच्या पुढे गेलात तर जेआरचं भाडं वेगळं लागतं. सुइका किंवा पास्मो कार्डात पैसे भरून ठेवले की तिकिटाच्या यंत्राशी झटापट करावी लागत नाही. सकाळी आठच्या सुमाराला मात्र या लाइनवर चढू नका. तोक्योतल्या सर्वांत खच्चून भरणाऱ्या गाड्यांमध्ये तिची गणना होते. दहानंतर निघालात तर बसायला जागा मिळते.

हिशोबाच्या सोयीसाठी इथे १०० येनला ६० रुपये धरले आहेत. दर रोज थोडा हलतो, तेव्हा निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

चित्रं

ताकेबाशी स्टेशनजवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते १९५२ साली सुरू झालं. त्याच्या कायम संग्रहाचं तिकीट ५०० येन म्हणजे ३०० रुपये. शुक्रवारी आणि शनिवारी ते रात्री आठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी पाचनंतर तेच तिकीट ३०० येनला मिळतं. शिवाय ६५ वर्षांवरच्यांना कायम संग्रह फुकट पाहता येतो, १८ वर्षांखालच्यांनाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. आजी-आजोबा आणि नातू असे तिघं गेलात तर खर्च फक्त गाडीभाड्याचा! योकोयामा ताइकान यांचं ४० मीटर लांबीचं गुंडाळीचित्र याच संग्रहात आहे, मात्र ते ठरावीक काळापुरतंच मांडतात. ताइकान आणि त्यांचे मित्र हिशिदा शुन्सो १९०३ साली कोलकात्यात येऊन राहिले होते आणि ठाकूर घराण्याशी त्यांचा जवळचा संबंध आला होता. जपानी चित्रांचं भारताशी असलेलं हे नातं आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

किबा स्टेशनवरून बागेच्या बाजूने पंधराएक मिनिटं चाललात की तोक्यो समकालीन कला संग्रहालय येतं. तिथेही कायम संग्रहाला ५०० येन लागतात. इथे एक सावधगिरी बाळगा. दोन्ही ठिकाणी विशेष प्रदर्शनाचं तिकीट वेगळं असतं आणि ते दीड-दोन हजार येनपर्यंत जातं. दारावरचं मोठं पोस्टर विशेष प्रदर्शनाचं असतं आणि रांगही त्याचीच. खिडकीवर ‘कलेक्शन’ एवढा एक शब्द उच्चारा, तो तिथे कळतो.

महिना-दोन महिने मुक्काम असेल तर ‘गुरुत्तो पास’ घ्यावा. तो अडीच हजार येनच्या आसपास पडतो आणि पहिल्या वापरापासून दोन महिने चालतो. तोक्यो आणि परिसरातल्या शंभरच्या आसपास ठिकाणी त्यावर प्रवेश किंवा सवलत मिळते. आठवडाभराच्या पाहुण्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, तेवढ्या दिवसांत पैसे वसूल होत नाहीत. भिंतीभर प्रकाशाचे खेळ दाखवणाऱ्या ज्या दालनांचे फोटो सगळीकडे दिसतात, त्यांचं तिकीट तारखेनुसार बदलतं आणि ते चार हजार येनच्या घरात जातं. मुलांना ते आवडतं यात शंका नाही, पण त्या पैशांत वरची दोन्ही संग्रहालयं तीन-चारदा पाहून होतील. निवड करायची झाली तर मी संग्रहालयांकडे जाईन.

जेवण

जपानी लोकांचा ‘वाशोकू’ म्हणजे पारंपरिक आहार २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. भात, एक सूप आणि तीन तोंडीलावणी हा त्याचा साधा साचा. बाहेर तो ‘तेइशोकू’ या नावाने ताटात येतो: भात, मिसो सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ. वासेदाला विद्यापीठामुळे विद्यार्थ्यांच्या खाणावळी भरपूर, तिथे असं ताट ८०० ते १,००० येनला मिळतं. इतरत्र १,००० ते १,३०० धरा. सकाळच्या वेळी साखळी उपाहारगृहांत भात, सूप आणि नात्तो यांचा संच ४५० येनच्या आसपास येतो. कागुराझाकातल्या जुन्या गल्ल्यांत रात्रीचं पारंपरिक जेवण माणशी पंधरा हजार येनच्याही पुढे जातं, आणि तशाच घरांतलं दुपारचं ताट दोन ते पाच हजारांत बसतं. भारी जेवायची हौस असेल तर ती दुपारीच भागवावी.

नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. त्याला तार सुटते, वास उग्र येतो आणि पहिल्या घासाला तो सगळ्यांना रुचत नाही. पण प्रथिनांच्या हिशोबात तोक्योतल्या अगदी स्वस्त वस्तूंमध्ये तो मोडतो. सुपरमार्केटात तीन डब्यांचा संच सव्वाशे येनच्या आसपास आणि टोफूची वडी शंभरच्या आत-बाहेर. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र नात्तो अजिबात खाऊ नये. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्यामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या एकदा तपासून घ्या. रक्तदाब असेल तर दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. मिसो, सोया सॉस आणि लोणची यांत मीठ खूप असतं. नूडल्सखालचं पाणी वाडग्यात ठेवून दिलं तरी कुणाला वाईट वाटत नाही.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. स्टेशनजवळच्या उभ्याने खायच्या दुकानांत त्या ४०० ते ६०० येनला मिळतात. बसून खायच्या चांगल्या दुकानात गार सोब्याला हजाराच्या आसपास लागतात. ताकेबाशीहून कांदा भागात चालत जाता येतं. तिथलं ‘याबु सोबा’ १८८० सालचं आणि ‘मात्सुया’ १८८४ सालचं. खाऊन झालं की शेवया उकडलेलं गरम पाणी आणून देतात, ते उरलेल्या सॉसमध्ये घालून प्यायचं, त्याचे पैसे लागत नाहीत. बऱ्याच दुकानांत सोब्यात थोडा गहू मिसळलेला असतो, तेव्हा गहू वर्ज्य असणाऱ्यांनी विचारून घ्यावं. कुट्टूची अॅलर्जी असेल तर तिथे पाऊलच टाकू नये, ती जिवावर बेतू शकते.

शाकाहारी मंडळींना सगळ्यांत जपायचं ते ‘दाशी’पासून. हा सूप-सॉसचा पाया बहुधा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाचा असतो, त्यामुळे नुसत्या भाज्या दिसणाऱ्या सूपमध्ये आणि सोब्याच्या सॉसमध्येही तो असतोच. बिनधास्त खाण्यासारख्या गोष्टी या: साधा भात, उकडलेल्या सोयाशेंगा, काकडीचे सुशी रोल, भाजलेलं रताळं (सुपरमार्केटात दोन-तीनशे येन), आणि वरून माशाचा कीस न घालता दिलेला गार टोफू. नात्तोच्या डब्यातली सॉसची पुडी बाजूला ठेवा, तिच्यातही मासा असतो. साधा सोया सॉस घाला.

पूर्ण शाकाहारी जपानी जेवण हवं असेल तर ‘शोजिन र्‍योरी’ म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण घ्या. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, पाया समुद्री शेवाळाचा आणि अळंब्यांचा. मात्र कंदमुळं असतात, हे जैन मंडळींनी ध्यानात घ्यावं. ताकाओ डोंगरावरच्या याकुओ-इन मठात आधी सांगून ठेवलं तर असं जेवण मिळतं. ताटाला साधारण तीन-चार हजार येन, शिवाय शिंजुकूहून केइओ लाइनचं जातानाचं भाडं ४३० येन. दिवसभराची सहल होते. जपानमधलं एकच महागडं जेवण घ्यायचं असेल तर मी शाकाहारी माणसाला हेच सुचवीन.

मासे खाणाऱ्यांनी मोनझेन-नाकाचोला उतरून ‘फुकागावा-मेशी’ खावी. इथल्या जुन्या कोळी वस्तीचा हा शिंपल्यांचा भात, दीड-दोन हजार येनला. कोकणातल्या माणसाला तो परका वाटायचा नाही.

बिलाच्या दोन गोष्टी. जागेवर बसून खाल्लं तर विक्रीकर १० टक्के आणि बांधून नेलं तर ८ टक्के. मेनूकार्डावर मोठ्या आकड्यात करापूर्वीची किंमत छापलेली असू शकते, बारीक आकडा वाचा. आणि रात्रीच्या इझाकायात, म्हणजे जपानी मद्यालयात, बसल्याबरोबर न मागवलेली छोटी वाटी समोर येते. ती ‘ओतोशी’, म्हणजे बसण्याचा आकार, माणशी ३०० ते ५०० येन. शाकाहारी असल्यामुळे ती खाल्ली नाही तरी पैसे लागतात. टिप मात्र कुठेच द्यायची नसते.

संध्याकाळी सात-आठनंतर सुपरमार्केटात तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागते, कधी थेट निम्म्या किमतीची. २०२५ साली तांदूळ पाच किलोला चार हजार येनच्या वर गेला, त्यामुळे भाताचे डबे आणि ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे महागले आहेत. हे डबे घ्यायला तीच वेळ गाठा.

गाणं

कमी खर्चात ऐकायचं तर ‘किस्सातेन’ गाठा. म्हणजे कॉफीघर; त्यांतली काही जुन्या तबकड्या ऐकवतात, ती निवडा. प्रवेश फुकट, एक पेय घ्यावं लागतं, ७०० ते १,००० येन. तेवढ्यात निवांत बसून मोठ्या ध्वनिक्षेपकांवर जॅझ किंवा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकता येतं. शिबुयातलं ‘लायन’ १९२६ सालचं. योत्सुयातलं ‘ईगल’ १९६७ साली सुरू झालं, ईदाबाशीहून ते जेआरने दोनच स्टेशनांवर. अशा अनेक ठिकाणी बोलायला मनाई असते, तेव्हा गप्पा मारायला म्हणून तिथे जाऊ नका.

प्रत्यक्ष वादन ऐकायचं तर शिंजुकूचं १९६५ साली सुरू झालेलं ‘पिट इन’. तिथला दुपारचा कार्यक्रम पेयासकट दीड हजाराच्या आसपास पडतो, रात्रीचा तीन हजारांपासून पुढे. आओयामातल्या ‘ब्लू नोट’मध्ये नुसत्या संगीताचेच आठ हजार आणि वर लागतात, खाणंपिणं वेगळं. नावाजलेला परदेशी वादक असेल तरच तेवढे मोजावेत.

कोएंजी हे पंक आणि प्रयोगशील वाद्यवृंदांचं ठिकाण. तिथल्या तळघरांतल्या ‘लाइव्ह हाउस’चं तिकीट दोन-तीन हजार येन असतं. आधी नाव नोंदवलं तर थोडं कमी, दारात घेतलं तर थोडं जास्त. त्यावर ६०० येनच्या आसपास पेयाचे सक्तीने लागतात, म्हणून तिकिटात ते नेहमी धरूनच चला. दारातला माणूस विचारतो, ‘कोणाला ऐकायला आलात?’ हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी वाद्यवृंदांना ठरावीक तिकिटं खपवावी लागतात आणि कमी पडलेली रक्कम त्यांना स्वतःच्या खिशातून भरावी लागते. तुम्ही ज्याचं नाव घ्याल त्याच्या खात्यात तुमचं तिकीट जमा होतं. आधी इंटरनेटवर दोन-तीन गाणी ऐका आणि आवडलेल्याचं नाव घ्या, तुमचे पैसे योग्य माणसाला पोचतील. रोख पैसे जवळ ठेवा, कानात घालायचे बोळे न्या, आणि उभं राहावं लागेल हे गृहीत धरा. सामानाच्या लॉकरला तीन-चारशे येन जातात, म्हणून मोठी पिशवी घरीच ठेवा.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथेच असाल तर हे सगळं बाजूला ठेवा. १९५७ पासून चालत आलेला कोएंजीचा आवा ओदोरी हा नाचाचा उत्सव रस्त्यावर होतो, हजारो नर्तक, ढोल आणि बासऱ्या, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहायला एक येनही लागत नाही.

बेरीज

सकाळचा नात्तो संच ४५०, दिवसभराचा प्रवास ९००, संग्रहालय ५००, दुपारी सोबा १,०००, किस्सातेन ८००, रात्रीचं तेइशोकू १,०००. एकूण ४,६५० येन, म्हणजे २,८०० रुपयांच्या आत. लाइव्ह हाउस धरलं तर पेयासकट ३,६०० वाढवा, ८,२५० येन होतात, ४,९५० रुपये. वय ६५ च्या वर असेल आणि सकाळी घरचेच पोहे खाऊन निघालात तर ९५० येन कमी करा.

दिवस निवडताना शुक्रवार घ्या. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ती मंगळवारी बंद राहतात. लाइव्ह हाउसचे कार्यक्रम सातच्या सुमाराला सुरू होऊन दहाच्या आसपास संपतात, तरी शेवटच्या गाडीची वेळ आधीच टिपून ठेवा. ती साधारण मध्यरात्री सुटते. चुकली तर कोएंजी ते निशी-कासाई टॅक्सीला रात्रीचा २० टक्के जादा आकार पडतो आणि अख्ख्या दिवसाच्या खर्चाहून जास्त पैसे एका फेरीत जातात.